मिटवामिटवीचा चहा

कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात एक चाल होती आणि तिचा सगळ्यांना भारी अभिमान होता. कुणा दोघांचं वाजलं, मग ते पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा यावरून असो की एकानं दुसऱ्याची बॉबिन पळवली म्हणून असो, त्यांना मोठ्याबाईंच्या टेबलाशी आणून समोरासमोर बसवायचं. मोठ्याबाई किटलीतून चहा ओतायच्या आणि एकेक कप दोघांच्या हातात द्यायच्या. चहा संपला की भांडण संपलं. त्यानंतर जो कुणी तो विषय पुन्हा काढील त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच पाळला जायचा. लिहिलेल्या नियमांचं तिथे काय व्हायचं ते पुढे येईलच.

मोठ्याबाई म्हणजे तपासणीच्या टेबलावरच्या मुख्य बाई. शिवून आलेला एकही सदरा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय इस्त्रीला जात नसे. कारखान्यात सगळ्यांत जुन्या त्याच. थोरल्या मालकांनी त्यांना कामावर घेतलं तेव्हा आताचे मालक रांगत होते, आणि ही गोष्ट मोठ्याबाई त्यांना अधूनमधून ऐकवतही असत. चहा ओतताना त्यांची एक कहाणी ठरलेली होती. या कारखान्यातला पहिला चहा मी प्यायले, त्या सांगायच्या. मी नुकती लागले होते, आणि कापडं कापणारा जुना मास्तर नि मी, आमचं कात्रीवरून वाजलं. थोरल्या मालकांनी स्वतःच्या हातानं चहा ओतला. प्यायलो, मिटलं. बघा, एवढी वर्षं झाली, कात्रीवरून पुन्हा तंटा नाही. ऐकणाऱ्यांना कहाणी पाठ होती, तरी सगळे हसायचे, आणि भांडणारे दोघेही हसले की काम फत्ते व्हायचं.

आता लिहिलेल्या नियमाबद्दल. पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी एक फळा होता. स्त्रियांच्या लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती, असं त्यावर ठळक रंगात रंगवलेलं होतं आणि खाली नावं. बाहेरून माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस पाहणीला येणार म्हणून तो घाईघाईत टांगला होता. त्या माणसानं फळ्याचा फोटो काढला, चहा-बिस्किट घेतलं आणि गेला. मग दर वर्षी कुणीतरी यायचं, फोटो काढायचं, जायचं. आपण या समितीच्या अध्यक्ष आहोत हे मोठ्याबाईंना पाणी पिता पिता कळलं होतं. इस्त्रीवाली सदस्य होती, हिशेबनीस सदस्य होते आणि बाहेरची सदस्य म्हणून एका वकीलबाईचं नाव नि फोन नंबर होता, जिला कारखान्यात कुणी पाहिलेलंच नव्हतं. समितीची बैठक कधी झाली नाही. तक्रारच नाही तर बैठक कशाची, असं मालक म्हणत, आणि मोठ्याबाईंनाही ते पटायचं. आपल्याकडे चहा आहे की!

तक्रार आली ती काजवालीची. काजाच्या मशीनवर बसायची म्हणून काजवाली. विशीतली, सडपातळ, कामाला लागून थोडेच महिने झालेले. तिची नोकरी अजून कच्ची होती आणि ती पक्की करायची की नाही हे कापणीचे आताचे मास्तर ठरवणार होते. घरी भाऊ-वहिनी. काम सुटलं तर दुसरं शोधू द्यायचं नाही, घरी बसवायचं, असं भावानं आधीच बजावून ठेवलेलं. तिच्यापुढे दोनच वाटा होत्या, हे मशीन नाहीतर भावाचं स्वयंपाकघर.

ती मधल्या मापाची होती, हाही तिचा गुन्हाच म्हणायचा. नवा नमुना शिवला की तो कुणाच्या तरी अंगावर घालून बघावा लागतो. मधल्या मापाच्या मुलीला मास्तरांच्या खोलीत बोलावणं जायचं. कच्च्या टाक्यांचा कपडा तिनं आपल्या कपड्यांवरून चढवायचा, दोन्ही हात वर करून उभं राहायचं आणि मास्तरांनी टाचण्या लावायच्या. एकदा टाचण्या लागल्या की हलायची सोय नाही. हललं की टोचतं, आणि माप बिघडलं म्हणून बोलणीही खावी लागतात. बाकीच्या बायकांना हे आरामाचं काम वाटायचं. निदान तोंडानं तरी त्या तसं म्हणायच्या.

जेवणाच्या सुट्टीत ती मोठ्याबाईंच्या टेबलाशी आली आणि टेबलाकडे बघतच बोलली. मास्तर दार लोटून घेतात. टाचणीच्या निमित्तानं हात फिरवतात, जिथे टाचणी लावायचीच नसते तिथेही. मी आक्रसले की मुद्दाम टोचतात आणि म्हणतात, हलू नकोस. मग म्हणाली, "फळ्यावर तुमचं नाव आहे, म्हणून आले."

मोठ्याबाईंनी सगळं ऐकलं. पण ऐकलं म्हणून माणूस शहाणा होतो असं नाही. हाताला जी सवय असते तीच आधी पुढे येते. त्यांनी इस्त्रीवालीला हाक मारली, मास्तरांना बोलवायला सांगितलं आणि किटली पुढे ओढली.

मास्तर आले. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. बोटं अशी तयार की कापडावर खडू न टेकवता कापत जायचा. त्यांच्या कापणीवर कारखान्याचं नाव उभं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. समोर बसून ते मोकळेपणानं हसले. पोरीसारखी आहे हो मला, म्हणाले. नजर म्हातारी झाली, हात इकडचा तिकडे जातो एखादे वेळी. मोठ्याबाई म्हणाल्या, मास्तर, हात जरा जपून. ते म्हणाले, जपतो. आणि कप तोंडाला लावला.

काजवालीनं कप नुसता धरून ठेवला होता. चहावर साय धरायला लागली. "पी गं," मोठ्याबाई म्हणाल्या, "गार होतोय." आईच्या वयाच्या बाईनं हातात दिलेला कप, ती प्यायली. मोठ्याबाईंनी कात्रीची कहाणी सांगितली. मास्तर नेहमीसारखे हसले. काजवाली हसली नाही हे मोठ्याबाईंनी पाहिलं आणि डोळ्यांआड केलं.

दुपारपर्यंत अख्ख्या कारखान्याला कळलं होतं. असल्या गोष्टी झाकून ठेवायच्या असतात, पोरीचं नाव चघळायचं नसतं, हे त्या फळ्यावर लिहिलेलं होतं की नाही देव जाणे. टेबलाचा चहा मात्र भर कारखान्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचा. काहीतरी झालं होतं, चहा झाला, मिटलं. बायका काजवालीकडे बघून गालात हसल्या, पुरुष मास्तरांकडे बघून.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब ओरखडा होता, टाचणीचा. यावेळी ती टेबलाकडे बघत नव्हती, सरळ मोठ्याबाईंकडे बघत होती. मास्तरांनी दार लोटलं होतं. तिनं सांगते म्हटलं तर ते शांतपणे म्हणाले होते, "आता कुणाला सांगतेस? आपला चहा झालाय."

मोठ्याबाईंच्या हातातला सदरा तसाच राहिला. आपला चहा. म्हणजे आपण ओतलेला चहा त्या माणसानं परवाना म्हणून खिशात घातला होता. आधी निदान त्याला चोरून करावं लागत होतं. इतकी वर्षं ज्या किटलीचा तोरा मिरवला तिनंच त्याच्या खोलीचं दार आतून लावून दिलं होतं.

"मोठ्याबाई," पोरगी म्हणाली, "माझं त्यांच्याशी भांडण नव्हतं. भांडण असतं तर मीपण काहीतरी केलं असतं ना."

त्या तडक मालकांच्या खोलीत गेल्या. मालकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, पण चहा झाला ना? तुम्हीच ओतलात ना? मग आता पुन्हा उकरून काढायचं म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. गणवेशांची एवढी मोठी मागणी हाताशी आलेली, नमुने अजून जायचेत, मास्तर रुसला तर कारखाना बसेल. आणि बाहेर बोभाटा झाला तर नाव कुणाचं खराब होणार? त्या पोरीचंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, मोठ्याबाई. तिला नसेल जमत तर तिनं थोडे दिवस घरी बसावं, डोकं शांत होईल. मोठ्याबाईंच्या मनात आलं, शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, म्हणतात ते उगाच नाही. इथे तर खाणाऱ्याला ढेकरसुद्धा शांतपणे देता यावी म्हणून शेळीनंच बाहेर जायचं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी इस्त्रीवालीला गाठलं. इस्त्रीवालीला आश्चर्य वाटलं ते मोठ्याबाईंचंच. तुम्हाला नव्हतं माहीत? मास्तरांचा हात तसाच आहे. आधीची मधल्या मापाची मुलगी कोपर बाहेर काढून उभी राहायची. तिच्या आधीची आत जाडजूड बनियन घालायची, भर उन्हाळ्यात. एकीनं तर खाऊन खाऊन माप वाढवलं. इस्त्रीवाली हे हसत सांगत होती आणि मोठ्याबाईंना हसू येईना. प्रत्येकीकडे एकेक युक्ती होती. एवढ्या बायकांनी आपापली अक्कल खर्च करून त्या माणसाला सांभाळून घेतलं होतं, आणि आपण अध्यक्ष म्हणून भिंतीवर रंगवलेल्या होतो.

घरी त्यांची सून भाजी निवडत होती. दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसून ती दिवसभर लोकांशी डोकं लावायची, त्यामुळे घरी तिला फार बोलायला आवडत नसे. मोठ्याबाईंनी सगळं सांगितलं, चहासकट. सून शेंगा मोडायची थांबली.

"आई, घरात चोरी झाली तर तुम्ही चोराला नि आपल्याला समोरासमोर बसवून चहा पाजाल का?"

मोठ्याबाईंना राग आला. त्या म्हणाल्या, तुला कारखान्यातलं काय कळतं, तिथे माणसं जोडून ठेवावी लागतात. सून म्हणाली, ठेवा की. पण मिटवायचंय का, असं त्या मुलीला विचारलंत तुम्ही? विचारलं नव्हतं. हाती कप दिला होता, पी म्हटलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. सुनेनं पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या आणि मान वर न करता म्हणाली, त्या फळ्यावर वकीलबाईंचा नंबर आहे ना, तो नुसता फोटोसाठी आहे का?

मोठ्याबाईंनी सकाळी टाकीपाशी उभं राहून, चष्मा पुसून, तो नंबर लावला. वकीलबाई म्हणाली, तुमच्या कारखान्याचा मला दर वर्षी एकच निरोप येतो, की यंदाही तक्रार नाही. मला वाटायचं, बरी माणसं दिसतात. आणि ती दुसऱ्या दिवशी खांद्याला झोळी लावून, झिजलेल्या चपला वाजवत हजर झाली. मालक वरातीमागून घोडं यावं तसे तिच्यामागून धावत आले.

तिनं चढा आवाज काढला नाही. तिनं कायदा सांगितला, तोही मालकांना नव्हे, काजवालीला आणि मोठ्याबाईंना. समेट करता येतो, पण तो बाईनं स्वतः मागितला तरच. समितीनं सुचवायचा नाही, मालकानं तर नाहीच. तू मागितला होतास का? काजवालीनं नाही म्हणून मान हलवली. मग तो चहा कायद्याच्या दृष्टीनं नुसता चहा. तक्रार लेखी दे. लिहिता येत नसेल तर समितीनं लिहून घ्यायची असते. चौकशी होईपर्यंत तुला त्या खोलीत जायची गरज नाही. घरी बसायला हवं असेल तर पगारी रजा तू मागायची, दुसऱ्यानं तुला घालवायचं नाही. आणि तक्रार केली म्हणून नोकरी कच्चीची पक्की होणं अडवता येणार नाही. मोठ्याबाई ऐकत होत्या. टाकीशेजारच्या फळ्यात एवढं सगळं होतं, आणि आपण इतकी वर्षं त्याच्याखाली पेला विसळत होतो.

मालक म्हणाले, सगळं मान्य, पण मापाचं काय? नमुना अंगावर घातल्याशिवाय कळतो का? कामच आहे ते. वकीलबाईनं मास्तरांची खोली बघायला मागितली. खोलीत कापडाचे तागे होते, मोठं टेबल होतं आणि कोपऱ्यात मास्तरांचा कोट टांगलेला होता. कोट ज्याला टांगला होता तो कापडानं मढवलेला, कळ फिरवली की लहानमोठा होणारा लाकडी धडाचा पुतळा होता, नमुने चढवून बघायलाच आणलेला. वकीलबाईनं कोट उचलून खुर्चीवर ठेवला. पुतळ्याच्या छातीवर एकाही टाचणीचं भोक नव्हतं.

जाताना तिनं मोठ्याबाईंना बाजूला घेतलं. मास्तर तुमच्या चहाच्या आड लपणार, ती म्हणाली. चहा तुम्ही दिलात म्हणजे तुम्ही साक्षीदार. साक्षीदारानं न्याय करायला बसायचं नसतं. अध्यक्षपद सोडा आणि जे झालं ते सांगा. पण सांगायचं म्हणजे, मी चुकले, असं सगळ्यांसमोर सांगावं लागेल. विचार करा. मोठ्याबाईंनी विचार केला, आणि त्यांना तो फार जड गेला. कारखान्यात त्यांना पगारापलीकडे मिळालेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्या टेबलाचा मान. तो आपल्याच हातानं खाली ठेवायचा होता. आणि त्यांनी न ठेवला तर काजवाली दोन दिवसांत भावाच्या स्वयंपाकघरात जाणार होती.

चौकशी हिशेबनिसांच्या खोलीत झाली. दुसऱ्या शाखेतल्या पॅकिंगच्या मुख्य बाईंना अध्यक्ष केलं होतं. त्यांच्या शेजारी वकीलबाई, पलीकडे इस्त्रीवाली, आज न हसणारी. हिशेबनीस लिहून घ्यायला बसले होते. समोर एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला काजवाली आणि मोठ्याबाई.

काजवालीनं आपलं म्हणणं सांगितलं. सांगताना दोनदा आवाज गेला, दोनदा ती पाणी प्यायली आणि परत तिथूनच सुरू केलं. मग मास्तर बोलले. चोराच्या उलट्या बोंबा असतात, पण मास्तर बोंबले नाहीत. ते दुखावल्यासारखे बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. आयुष्य गेलं या धंद्यात, म्हणाले. हात लावल्याशिवाय माप कसं घ्यायचं ते मला कुणी शिकवावं. पुतळा श्वास घेत नाही, कपडा माणसाला घालायचा असतो. आणि काही गैर झालंच असेल, तर दोघांच्या समजुतीनं झालं असेल. टाळी काही एका हातानं वाजत नाही.

काजवालीनं मान वर केली. "टाळीला दोन हात लागतात ना?" ती म्हणाली. "माझे तर दोन्ही हात वर होते."

हिशेबनिसांचं लिहिणं थांबलं. पॅकिंगच्या बाईंनी त्यांना, लिहा, अशी खूण केली.

मास्तरांनी मग शेवटचा पत्ता टाकला. सगळं असू द्या, म्हणाले, पण चहा झाला होता. तिनं माझ्यासमोर बसून घेतला. या कारखान्याची रीत आहे ती. या मोठ्याबाई स्वतः प्रत्येकाला सांगतात, की पहिला चहा त्या प्यायल्या. जुन्या मास्तरांशी वाजलं, चहा घेतला, मिटलं. त्यांचं काही बिघडलं का? मानानं राहिल्याच ना? मग हिचंच काय एवढं वेगळं आहे, विचारा त्यांना.

सगळ्यांनी मोठ्याबाईंकडे पाहिलं. त्या जे ठरवून आल्या होत्या ते एवढंच होतं, की चहा मी दिला, तिला न विचारता दिला, माझी चूक झाली. ते वाक्य त्यांनी येताना वाटेत घोटून घेतलं होतं. पण तोंडून निघालं ते निराळंच.

"कात्री नव्हती," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. मोठ्याबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"आमचं कात्रीवरून वाजलं नव्हतं. मी तेव्हा मधल्या मापाची होते. जुना मास्तर माझी मापं घ्यायचा. मी थोरल्या मालकांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावलं, चहा ओतला, आम्हा दोघांच्या हातात दिला, आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, की कात्रीवरून भांडण झालं होतं, मिटलं. माझी अब्रू राहावी म्हणून. मला तेव्हा बरं वाटलं. उपकार वाटले. मग मी पण तेच सांगत गेले. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं."

वकीलबाईनं हळूच विचारलं, चहानंतर काय झालं?

"काय होणार? कपडे अंगावर चढवतच राहिले. तो थांबला तो त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा, म्हातारपणानं." मग त्या मास्तरांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतल्या कुणालाही तो त्यांचा वाटला नाही. "माझं काही बिघडलं नाही म्हणता? माझ्या हातानं मी या पोरीला तोच चहा पाजला. याहून काय बिघडायचं असतं?"

हिशेबनीस जुने होते. त्यांनीही ती कात्रीची कहाणी शेकडो वेळा ऐकली होती, हसून. पेन हातात धरून ते म्हणाले, बाई, हे सगळं लिहू का? मोठ्याबाई म्हणाल्या, लिहा. इतकी वर्षं खोटं तोंडपाठ केलंत, खरं एकदा लिहिलंत तर काही झिजणार नाही.

अहवाल झाला. तक्रार खरी आहे, असं सगळ्यांनी सह्या करून दिलं. इस्त्रीवालीनं सही करताना कागद फाटेल एवढा जोर दिला. एक प्रत मालकांकडे गेली आणि एक वकीलबाईनं आपल्या झोळीत टाकली. आता कारवाई करणं मालकांना भाग होतं. म्हणून त्यांनी आधी ते केलं जे त्यांच्या वडिलांनी केलं असतं.

त्यांनी मोठ्याबाई आणि काजवाली दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर मोठ्याबाईंचीच किटली होती, तपासणीच्या टेबलावरून न विचारता उचलून आणलेली, आणि कप मांडलेले होते. मास्तर भिंतीकडच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मालक फार गोड बोलले. झालं ते वाईट झालं. मास्तर माफी मागायला तयार आहेत. काजवालीची नोकरी आजपासून पक्की, पगारही वाढवू. मापं पुढे पुतळ्यावरच घेतली जातील. अहवाल माझ्या कपाटात राहील, बाहेर कुणाला काही कळणार नाही. आपल्या कारखान्यात आजवर कधी कुणाला काढलं नाही, सगळं घरातल्या घरात निभावलं. बाबांची रीत आहे, ती मोडायला नको. ते बोलता बोलता कप भरत होते. मग त्यांनी एक कप मोठ्याबाईंपुढे केला.

"मोठ्याबाई, तिला तुमच्या हातानं द्या."

मोठ्याबाईंनी कप घेतला. सवयीचा हात होता, घेतला गेला. काजवाली त्यांच्याकडे बघत होती, त्या दिवशी कप हातात धरून बसली होती तशीच. मोठ्याबाईंना कळत होतं की आपण नुसता हात पुढे केला तरी ही पोर पिऊन टाकील. आपणही प्यायलोच होतो. नोकरी पक्की, पगार वाढलेला, अब्रू झाकलेली. आणि भिंतीकडच्या खुर्चीत मास्तर, उद्याही, परवाही, पुढच्या मधल्या मापाच्या मुलीची वाट बघत.

त्यांनी कप पुढे केला नाही. त्या काजवालीकडे वळल्या आणि, जे त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"पोरी, तुला मिटवायचंय का?"

काजवालीनं कपाकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान वर केली नाही.

"नको," ती म्हणाली.

मोठ्याबाईंनी कप मालकांच्या टेबलावर परत ठेवला, अहवालाच्या शेजारी. थोडा चहा बशीत सांडला.

"तिला नकोय," त्या म्हणाल्या. "आता अहवाल वाचा."

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि शेवटी ते चष्मा शोधायला लागले. वाचून होईपर्यंत त्या दोघी तिथेच उभ्या राहिल्या. मग मोठ्याबाईंनी आपली किटली उचलली आणि तपासणीच्या टेबलावर परत नेऊन ठेवली.